एक डेस्कटॉप, घरातले चार जण: लॉग आउट न करता वापरकर्ता कसा बदलायचा

घरात संगणक एकच आणि वापरणारे तीन-चार, असं नागपुरात अजून बऱ्याच घरी आहे. मोबाइल ज्याचा त्याचा असतो. पण विद्यापीठाचा परीक्षा अर्ज, सोसायटीचा हिशेब, शिवणाच्या ऑर्डरींची यादी ही कामं टेबलावरच्या डेस्कटॉपवरच धड होतात. मग "ताई, ऊठ ना जरा, पाच मिनिटांचं काम आहे" यावरून रोज एकदा तरी वाजतं. ताई उठते, धाकटा बसतो, तिच्या सगळ्या टॅब बंद करून आपलं काम उरकतो. ताई परत येते आणि घर डोक्यावर घेते: "माझा अर्धा भरलेला फॉर्म काऊन बंद केला बे?"

यावरचा उपाय प्रत्येक संगणकात आधीपासून आहे आणि तो फुकट आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीने ही सोय घरगुती संगणकावर आणली, २००३ मध्ये मॅकवर ती आली, आणि लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर एकाच यंत्रावर अनेक माणसं हे मुळातच गृहीत धरलेलं आहे. तरी बहुतेक घरांत अख्खं कुटुंब एकाच खात्यावर, तेही पासवर्डशिवाय, काम करताना दिसतं.

हा लेख मुख्यतः उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, वापरणाऱ्यांसाठी आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून आमच्याकडे बऱ्याच जणांनी उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतलं. विंडोज आणि मिंटवाल्यांसाठी फरक त्या-त्या ठिकाणी दिला आहे.

आधी चार बटणांतला फरक

लॉक, स्विच यूजर, लॉग आउट आणि शटडाउन. नवीन माणूस या चारांत गोंधळतो आणि पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

लॉक केलं की फक्त स्क्रीन झाकली जाते. आत सगळं जसंच्या तसं असतं आणि पासवर्ड टाकला की पुन्हा समोर येतं. स्विच यूजर केलं की तुमचं सेशन, म्हणजे तुमच्या खात्यात उघडलेल्या सगळ्या खिडक्या नि चालू असलेले प्रोग्राम, मागे तसंच चालू राहतं आणि दुसऱ्यासाठी लॉगिनचं पान उघडतं. लॉग आउटमध्ये तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण दुसऱ्या कुणाचं सेशन चालू असेल तर त्याला धक्का लागत नाही. शटडाउन आणि रीस्टार्ट मात्र सगळ्यांचंच काम गुंडाळतात.

आपल्याला हवंय ते दुसरं, स्विच यूजर. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात कसं, प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी, कुलूप वेगळं, पण नळ आणि वीज सामायिक, इथेही तसंच. फाइली, टॅब, कीबोर्ड, वॉलपेपर ज्याचं त्याचं. मेमरी, प्रोसेसर आणि प्रिंटर सगळ्यांत मिळून एकच.

मशीनला झेपेल का

सामायिक गोष्टींतली पहिली कमी पडते ती मेमरी, म्हणजे रॅम. मागे सोडलेलं सेशन झोपलेलं नसतं. त्यातला ब्राउझर रॅम धरून बसलेला असतो. उबुंटू २४.०४ साठी किमान ४ जीबी सांगितली आहे, पण ती एका माणसाची गोष्ट झाली. उबुंटूचा डेस्कटॉप नुसता उघडून ठेवला तरी एक जीबीच्या आसपास जागा घेतो, त्यावर क्रोमच्या वीसेक टॅब उघडल्या की पुढचं काही सांगायला नको. दोन सेशन सुखाने चालवायची असतील तर ८ जीबी धरा, तीन-चार हवी असतील तर १६.

जुन्या मशीनसाठी रॅमची पट्टी सीताबर्डीच्या बाजारातल्या कुठल्याही संगणकाच्या दुकानात विचारून पाहा. फक्त निघण्याआधी आपल्या मशीनमध्ये डीडीआर३ आहे की डीडीआर४ हे बघून जा, कारण एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. ४ जीबीवरच भागवायचं असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ती हलकी आहे. त्यावरही नियम एकच: उठताना ब्राउझर बंद करायचा, बाकीचं उघडं राहिलं तरी चालेल.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की लोक म्हणतात, "दोन-दोन लॉगिन करून राहिले म्हणून मशीन तापून राहिली." तसं नसतं. मागचं सेशन काही करत नसेल तर ते प्रोसेसरला फारसं कामाला लावत नाही. मशीन तापते ती डब्यातल्या धुळीने, अडकलेल्या पंख्याने, आणि पुढे कुणी व्हिडिओ एडिटिंग करत असेल तर त्याने. एक मात्र करा: सीपीयूचा डबा कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा गार असते तशीच ओलीही असते.

पहिली पायरी: प्रत्येकाचं खातं

उबुंटू २४.०४ मध्ये सेटिंग्ज उघडा, सिस्टिम, मग यूजर्स. आधीच्या २२.०४ मध्ये यूजर्स थेट सेटिंग्जच्या यादीतच दिसतं. वर अनलॉकचं बटण आहे, ते दाबून आपला पासवर्ड द्या, तेव्हाच ॲड यूजर दाबता येतं. पूर्ण नाव मराठीत लिहिलं तरी चालतं आणि लॉगिनच्या पानावर ते छान दिसतं. यूजरनेम मात्र छोट्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा.

तिथेच ॲडमिनिस्ट्रेटर असा एक स्विच आहे. तो सगळ्यांना चालू करून देऊ नका. ज्याला प्रोग्राम टाकणं, काढणं, अपडेट करणं जमतं अशा एकालाच तो अधिकार असावा; फार तर दोघांना. घरात सगळ्यात हुशार कोण यापेक्षा सगळ्यात सावध कोण हे बघून ठरवा.

मिंटमध्ये हेच काम मेनूतल्या ॲडमिनिस्ट्रेशनखाली यूजर्स अँड ग्रुप्समध्ये होतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स. तिथे नवीन खात्यासाठी ईमेल मागितला जातो. घरच्या लहान मुलासाठी तो द्यायचा नसेल तर आपल्याकडे त्या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही हा पर्याय निवडून पुढे जा, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याविना यूजर जोडा.

पासवर्डवरून घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "घरात कसला आलाय पासवर्ड!" घरातलं माणूस काही चोरणार नाही, हे खरं. पण पासवर्ड नसला की कुणीही कुणाच्याही खात्यात बसतं, आणि आठवड्याभरात सगळे पुन्हा एकाच खात्यावर. बाबांना पासवर्ड लक्षात राहत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवा, पण ठेवा.

दुसरी पायरी: ऑटोमॅटिक लॉगिन बंद

संगणक सुरू केला की थेट कुणाचा तरी डेस्कटॉप उघडत असेल तर ऑटोमॅटिक लॉगिन चालू आहे. उबुंटूत यूजर्सच्या पानावर त्या व्यक्तीच्या नावाखाली तो स्विच असतो, मिंटमध्ये लॉगिन विंडो नावाच्या सेटिंगमध्ये. बंद करा. तो चालू राहिला तर प्रत्येक वेळी आधी त्याच माणसाचं सेशन उघडणार, रॅम खाणार, आणि घाईत असलेला दुसरा तिथेच काम सुरू करणार. त्याचा आणखी एक त्रास आहे. लॉगिन करताना पासवर्ड टाकला जात नाही, म्हणून जतन केलेल्या पासवर्डांचा जुडगा, म्हणजे कीरिंग, उघडत नाही, आणि ब्राउझर उघडला की त्या कीरिंगचा पासवर्ड मागणारी खिडकी पुढ्यात येते. ती पाहून बरेच जण व्हायरस आला म्हणून घाबरतात.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष बदल

उबुंटूत वर उजव्या कोपऱ्यात क्लिक करा, पॉवरच्या चिन्हावर क्लिक करा, मेनूत स्विच यूजर दिसेल. दिसत नसेल तर बहुधा मशीनवर खातं एकच आहे. दुसरं खातं तयार झालं की ही ओळ आपोआप येते. दाबली की स्क्रीन लॉक होते आणि नावांची यादी समोर येते. धाकट्याने आपलं नाव निवडायचं, पासवर्ड टाकायचा, काम करायचं. काम झालं की ताईने पुन्हा तोच मार्ग धरायचा: स्विच यूजर, आपलं नाव, आपला पासवर्ड. तिचा अर्धा भरलेला फॉर्म जिथे सोडला होता तिथेच असतो. फक्त काही सरकारी नि विद्यापीठाच्या पोर्टलवर थोडा वेळ हालचाल झाली नाही की ते स्वतःहून बाहेर काढतात, त्याला सेशन जिवंत ठेवूनही इलाज नाही. तिथे उठण्याआधी ड्राफ्ट सेव्ह करायचा.

मिंटमध्ये मेनूतलं लॉग आउटचं बटण दाबल्यावर जी खिडकी येते त्यात स्विच यूजर आहे. विंडोजमध्ये स्टार्ट दाबून आपल्या नावावर क्लिक केलं की बाकीच्या खात्यांची नावं दिसतात. त्याहून सोपं म्हणजे विंडोज बटण आणि एल दाबा, स्क्रीन लॉक होईल, खाली डाव्या कोपऱ्यात सगळ्यांची नावं असतील.

उबुंटूच्या लॉगिन पानावर नाव निवडल्यानंतर खाली उजवीकडे दातेरी चाकाचं चिन्ह दिसतं. मशीनवर एकाहून जास्त डेस्कटॉप टाकलेले असतील तर कुठला उघडायचा ते तिथे निवडता येतं. म्हणजे ताईला नेहमीचा डेस्कटॉप आणि बाबांना साधा, हलका एक्सएफसीई, असं एकाच वेळी चालतं. संगणक प्रत्येकाची निवड लक्षात ठेवतो.

कीबोर्डवरून उडी

मेनू न उघडता एका सेशनमधून दुसऱ्यात जाता येतं, आणि लिनक्सची ही जुनी युक्ती शिकून ठेवण्यासारखी आहे. मॉनिटर एकच असला तरी लिनक्स त्यामागे अनेक आभासी पडदे ठेवतो. त्यांना टीटीवाय म्हणतात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१, एफ२, एफ३ अशी एकेक कळ दाबली की एकेक पडदा समोर येतो.

उबुंटूत साधारण असा हिशेब असतो: एफ१ वर लॉगिनचं पान, एफ२ वर आधी लॉगिन केलेल्याचं सेशन, त्यानंतर आलेल्याचं एफ३ वर. ताई आधी बसली असेल तर कंट्रोल, ऑल्ट, एफ२ म्हणजे ताई आणि एफ३ म्हणजे धाकटा. मिंटमध्ये पहिलं सेशन एफ७ वर असतं आणि पुढची त्यानंतर. क्रमांक माणसाला बांधलेले नसतात. रोज कोण आधी लॉगिन करतो त्यावर ते ठरतात.

मोकळ्या क्रमांकावर उडी मारली तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन विचारणारी ओळ दिसते. नवीन माणूस इथे हमखास दचकतो आणि थेट पॉवरचं बटण दाबून धरतो. काही बिघडलेलं नसतं. तो अक्षरांचा पडदा आहे, चित्रांचा नाही, इतकंच. कंट्रोल, ऑल्ट धरून एफ२ दाबा, परत याल. छोट्या कीबोर्डवर एफच्या कळा आवाज-ब्राइटनेससाठी राखलेल्या असतात, तिथे सोबत एफएन कळही धरावी लागते.

आता या उडीची खरी गोम. मेनूतून स्विच यूजर केलं तर तुमचं सेशन आधी लॉक होतं. कीबोर्डवरून उडी मारली तर ते लॉक होत नाही. ताई एफ२ वर काम करत होती, तिने धाकट्यासाठी नुसतं एफ३ दाबून दिलं, तर धाकटा कधीही एफ२ दाबून तिच्या उघड्या मेलपेटीत जाऊन बसू शकतो, पासवर्ड न टाकता. म्हणून दुसऱ्याला जागा द्यायची असेल तर आधी सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि एल दाबून लॉक करा, मग उडी मारा. मला विचाराल तर रोजच्या वापराला मेनूच बरा. उडी ठेवा अडीअडचणीसाठी, म्हणजे एखादं सेशन गोठलं आणि माउसही हलेना, तेव्हा.

मराठी कीबोर्ड ज्याचा त्याचा

वेगळ्या खात्यांचा मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा इथे आहे, आणि तो कुणी सांगत नाही. काकूंना इन्स्क्रिप्टची, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्डची सवय, मुलांना रोमन उच्चाराने टाइप करायची. एकाच खात्यावर दोघं बसले की रोज एक जण दुसऱ्याचा कीबोर्ड बदलून ठेवतो. वेगळं खातं असलं की हा प्रश्नच संपतो.

आपल्या खात्यात लॉगिन करून सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, इनपुट सोर्सेसखाली अधिकच्या चिन्हावर क्लिक करा आणि यादीत मराठी शोधा. त्यात सुधारित इन्स्क्रिप्ट मिळतो आणि कागपा नावाचा उच्चारानुसार चालणारा आराखडाही. इंग्रजी काढून टाकू नका. सुपर आणि स्पेसबार दाबून दोन्हींत ये-जा करता येते. एवढंच नाही, सिस्टिममधल्या रीजन अँड लँग्वेजमध्ये भाषा मराठी केली तर मेनूही मराठीत दिसू लागतात, बाकीच्यांचे मात्र इंग्रजीतच राहतात. भाषेचे पॅक पहिल्यांदा टाकायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो.

पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर वर उजव्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा बघा. तिथे मराठी निवडलेली असेल तर तुम्ही टाइप करताय ती अक्षरं ठिपक्यांमागे देवनागरी असतात.

पेन ड्राइव्ह, आवाज, वायफाय: सगळ्यांना छळणाऱ्या गोष्टी

पेन ड्राइव्ह लावला की तो त्या वेळी समोर असलेल्या सेशनचा होतो. ताईने तिच्या सेशनमध्ये लावला आणि मग धाकटा आला, तर त्याला तो उघडायला परवानगी नाही असा निरोप मिळतो. पेन ड्राइव्ह खराब नाही. ताईच्या सेशनमध्ये जाऊन तो इजेक्ट करायचा, काढायचा, धाकट्याच्या सेशनमध्ये पुन्हा लावायचा. घाईत नुसता उपटून काढला तर ताईच्या सेशनने लिहायला घेतलेली फाइल अर्धवट राहू शकते. विंडोजमध्ये हा त्रास नाही, तिथे ड्राइव्ह सगळ्यांना दिसतो.

आवाजाचंही तसंच. ताईने गाणी लावून स्विच केलं की गाणी ऐकू येणं थांबतं, कारण साउंड कार्ड, मायक्रोफोन आणि कॅमेरा समोरच्या सेशनच्या ताब्यात दिले जातात. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. नाही तर मागच्या सेशनमधला एखादा प्रोग्राम समोर बसलेल्याचं बोलणं ऐकत राहिला असता. त्याचा अर्थ असाही की ऑनलाइन क्लास चालू ठेवून "दोनच मिनिटं" दुसऱ्याला जागा देता येत नाही. डाउनलोड, प्रिंट, मोठी फाइल कॉपी होणं मात्र मागे चालू राहतं.

वायफायचा पासवर्ड एकाने टाकला तरी दुसऱ्याच्या सेशनमध्ये नेट नाही, असं कधी कधी होतं. त्या नेटवर्कच्या नावापुढच्या चाकावर क्लिक करा, आत इतर वापरकर्त्यांनाही उपलब्ध करा अशा अर्थाची चौकट आहे, तिच्यात खूण करा. प्रिंटरचं असं नसतं. तो एकदा जोडला की सगळ्यांना दिसतो.

आणि फाइली? उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून एकाचं होम फोल्डर दुसऱ्याला उघडत नाही. त्यात पब्लिक नावाचं फोल्डर दिसतं म्हणून लोक त्यात फाइल टाकतात आणि दुसरीकडे शोधत बसतात. बाहेरचं दारच बंद असल्यावर आतलं पब्लिक दिसणार कुठून? अधूनमधून एखादी फाइल द्यायची असेल तर पेन ड्राइव्ह किंवा मेल पुरे. रोजची देवाणघेवाण असेल तर ॲडमिनिस्ट्रेटरने सगळ्यांच्या होमच्या बाहेर एक फोल्डर करावं, घरच्यांचा एक ग्रुप तयार करावा आणि त्या ग्रुपला फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्यावी. विंडोजमध्ये यासाठी यूजर्समधलं पब्लिक फोल्डर तयारच असतं आणि तिथे ते खरोखर सगळ्यांना उघडतं.

लाइन गेली तर

दोन सेशन उघडी असताना वीज गेली की नुकसान दोघांचं होतं, आणि त्यातला एक जण घरातही नसतो. उन्हाळ्यात कूलर, एसी सगळे एकदम चालू असतात तेव्हा दिवे लुकलुकतात ते वेगळंच. यूपीएस नसेल तर आधी तो घ्या. साधा घरगुती यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, पण तेवढ्या वेळात दोघांच्या फाइली सेव्ह व्हायला हव्यात, आणि मागच्या सेशनमधली फाइल दुसरा सेव्ह करू शकत नाही. म्हणून नियम असा ठेवा: जागेवरून उठण्याआधी कंट्रोल एस. स्विच करणं म्हणजे सेव्ह करणं नव्हे.

लिबरऑफिस दर दहा मिनिटांनी फाइलची आपत्कालीन प्रत ठेवतं. टूल्स, ऑप्शन्स, लोड सेव्ह, जनरल इथे जाऊन ते दोन मिनिटांवर आणा. हे सेटिंग प्रत्येक खात्यात वेगळं करावं लागतं, एकाने केलं म्हणून सगळ्यांचं होत नाही.

रात्री शटडाउन करताना उबुंटू सांगतं की इतर लोक लॉगिन आहेत. नावंही दाखवतं आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतं. विंडोजही असाच इशारा देतं. हा इशारा न वाचता पुढे जाणं म्हणजे सकाळच्या भांडणाची तयारी. शेवटी उठणाऱ्याने बाकीच्यांना विचारून त्यांना लॉग आउट करायला लावावं. सगळे झोपले असतील तर शटडाउनऐवजी सस्पेंड करा. मशीन झोपतं, सगळ्यांची सेशन रॅममध्ये शाबूत राहतात. पण सस्पेंडमध्येही थोडी वीज लागतेच, तेव्हा रात्री बराच वेळ लाइन गेली तर ती गेलीच.

अडकलेलं सेशन काढणं

कुणी तरी स्विच करून गावाला गेलं आणि त्याचं सेशन रॅम अडवून बसलंय. उबुंटूत टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि एल, ओ, जी, आय, एन, सी, टी, एल ही रोमन अक्षरं लहान लिपीत सलग टाइप करून एंटर दाबा. कोण कोण लॉगिन आहे त्याची यादी येते. प्रत्येक ओळीत सुरुवातीला सेशनचा क्रमांक, पुढे यूजरनेम. आता तोच शब्द, मग जागा सोडून रोमन अक्षरांत टर्मिनेट-सेशन (terminate-session), मध्ये हायफन, मग जागा सोडून तो क्रमांक. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड दिला की ते सेशन बंद. त्यातलं सेव्ह न केलेलं सगळं जातं, म्हणून आधी एक फोन करा: "दादा, काही उघडं ठेवून गेला का?"

विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या यूजर्स टॅबवर प्रत्येकाने किती मेमरी धरली आहे ते दिसतं. नावावर उजवं क्लिक करून साइन ऑफ करता येतं.

एकाच नावाने दोनदा नको

काही जणांना वाटतं, आपलंच खातं दोन सेशनमध्ये उघडू, एकात काम आणि एकात करमणूक. तसं करू नका. उबुंटूत तेच नाव निवडून लॉगिन केलं तर ते मुकाट्याने आधीच्याच सेशनमध्ये नेतं. आडमार्गाने दुसरं उघडलंच तर फायरफॉक्स आधीच चालू असल्याची तक्रार करतो, कारण एकच प्रोफाइल दोन ठिकाणी उघडता येत नाही, आणि दोन्ही सेशन एकाच सेटिंग फाइलींत लिहू पाहतात. एकाच माणसाला दोन पसारे हवे असतील तर वर्कस्पेस वापरा. सुपर दाबून पेज अप, पेज डाउन केलं की खिडक्यांचे वेगवेगळे गठ्ठे समोर येतात. नाही तर सरळ दुसरं खातं काढा.

दोघांना एकाच वेळी हवं असेल तर

आतापर्यंतचं सगळं आळीपाळीचं आहे. मॉनिटर एक, बसणारा एक. दोघांनी एकाच वेळी एकाच डब्यावर बसायचं असेल तर लिनक्समध्ये मल्टिसीट म्हणतात तो प्रकार आहे: प्रत्येक जागेला वेगळा मॉनिटर, वेगळा कीबोर्ड-माउस आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. ते बसवणं नवशिक्याचं काम नाही आणि घरापुरतं परवडतही नाही.

त्यापेक्षा घरात एखादा जुना, मंद लॅपटॉप पडला असेल तर तो उपयोगी पडेल. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ग्नोम ४६ पासून (ग्नोम म्हणजे उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप), म्हणजे उबुंटू २४.०४ मध्येही, सिस्टिमच्या रिमोट डेस्कटॉप सेटिंगमध्ये रिमोट लॉगिन आहे. ते चालू केलं की लॅपटॉपवरून घरच्या वायफायवर आरडीपीने, म्हणजे एका संगणकाचा पडदा दुसऱ्यावर दाखवण्याच्या पद्धतीने, डेस्कटॉपमध्ये आपल्या नावाने लॉगिन करता येतं, आणि डेस्कटॉपसमोर बसलेल्याचं काम तसंच चालू राहतं. लॅपटॉप फक्त चित्र दाखवतो, मेहनत डेस्कटॉपची. दोन्हीकडे एकच खातं चालणार नाही, आणि रॅमचा वर दिलेला हिशेब इथेही तसाच लागू आहे. हे घरच्या नेटवर्कपुरतंच ठेवा, राउटरवर त्यासाठी बाहेरून वाट उघडून देऊ नका.